मोहात पडावे, पण रीतसर

सुज्ञ बंधुभगिनींनो, मोह ओळखावा आणि त्याचा प्रतिकार करावा, असे आपल्याला चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून शिकवण्यात आले आहे. या शिकवणीत एक अडचण आहे. ओळखलेल्या मोहाशी झगडावे लागते आणि ते काम फार दगदगीचे असते. म्हणून ज्याचे पैसे बुडवले आहेत तो माणूस समोरून येताना दिसला की आपण जसे एखाद्या दुकानाची पाटी मन लावून वाचू लागतो, तसेच मोहाच्या बाबतीतही करावे. मुळात ओळखच दाखवू नये.

यासाठी सैतानाचे एक ठरावीक चित्र मनात पक्के असावे. त्याला शिंगे आणि शेपटी असावी, त्याच्या तोंडाला दारूचा वास यावा आणि त्याचा मुक्काम स्टेशनाजवळच्या गुत्त्यात असावा, म्हणजे आपल्या घराकडे त्याचे पाऊल वळण्याचा प्रश्नच उरत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मात्र घाईने वाचावा, कारण तिथे हा गृहस्थ मंदिराच्या शिखरावर प्रभू येशूला 91 व्या स्तोत्रातील ओळी घडाघडा म्हणून दाखवतो. स्तोत्र इतके तोंडपाठ असलेला माणूस आपल्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, असता, तर त्याला आपण कधीच मंडळावर निवडून दिले असते.

आता ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाकडे वळू, कारण मोहात रीतसर पडण्याची इतकी चांगली सोय वर्षात दुसरी नाही. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात; सहा रविवार वगळले की त्यांचे 40 होतात. हे गणित वसईतल्या कोणत्याही कॅथोलिक घरात लहान मुलालाही येते, कारण आठवडाभराची मटणाची थकबाकी त्याच सहा रविवारी वसूल होत असते. शुक्रवारचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. नियमाने वर्ज्य आहे ते मांस. मासळीबद्दल नियमाची काहीच तक्रार नाही. तेव्हा शुक्रवारी सकाळी लवकर बाजार गाठावा, पापलेटांचे डोळे पाहून दोन मोठी निवडावीत, भाव ऐकून कपाळाला हात लावावा (हे त्या दिवसाचे प्रायश्चित्त) आणि कोळंबी मागाहून आठवल्यासारखी घ्यावी. दुपारी तळलेल्या तुकड्यांवर लिंबू पिळताना प्रभूच्या दुःखसहनाचे स्मरण करावे आणि मटणाची आठवण आल्यास तिचा कठोरपणे प्रतिकार करावा. चिमूटभर सुक्या बोंबलाच्या चटणीशी भाकरी खाल्ली तरी नियम तितकाच पाळला जातो, ही माहिती घरात कोणी उच्चारू नये.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस मात्र खऱ्या उपवासाचे आहेत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे काही, एवढीच मुभा असते. हे बंधन वयाच्या 18 व्या वर्षी लागते आणि 59 पूर्ण झाली की सुटते; एरवी वय चोरणारी माणसेही या एका वाढदिवसाची तारीख बिनचूक सांगतात. याशिवाय 40 दिवसांसाठी काही सोडायचेच असेल, तर ज्याची आवड नाही ते सोडावे. डॉक्टरांनी बंद केलेली साखर देवाला अर्पण करण्याची पद्धतही रूढ आहे. एकाच त्यागात दोघांचे समाधान होते.

प्रॉटेस्टंट बंधूंनी आपल्याला उपवासकाळाची अशी सोय नाही म्हणून खंत करू नये. त्यांच्याकडे प्रार्थनासभा आहे. कोणाच्या तरी पाठीमागे बोलण्याची तीव्र इच्छा झाली, तर ती चहाच्या टपरीवर भागवणे हे उघड पाप होय. तीच गोष्ट डोळे मिटून, आवाज खाली आणून, ‘या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करू या’ अशा शब्दांत मांडावी. मग नवऱ्याचे कर्ज किती, सून माहेरी कधी गेली आणि मुलगा रात्री कोणाच्या गाडीवरून उतरला, हा सगळा तपशील आपोआप पवित्र होतो. तपशील भरपूर द्यावा. देव सर्वज्ञ आहे, पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या भगिनी नाहीत.

प्रवचनाच्या वेळी येणाऱ्या मोहाची परंपरा तर फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या रानात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने लिहून ठेवले आहे की, सकाळी दहाच्या सुमारास एक दुरात्मा येतो आणि दुपारी दोनपर्यंत हलत नाही. तो दिवस पन्नास तासांचा वाटायला लावतो आणि जेवणाची वेळ किती दूर आहे हे पाहण्यासाठी बिचाऱ्या संन्याशाला पुन्हा पुन्हा सूर्याकडे मान वळवायला लावतो. आपली रविवारची उपासना, म्हणजे मिस्साही, साधारण त्याच घटकेला असते. आपल्याला मात्र मान वळवण्याचे कष्ट नाहीत, कारण हातात मोबाइल असतो आणि त्यात बायबलही असते. ते उघडून ठेवावे, म्हणजे मागच्या बाकावरून पाहणाऱ्यालाही बरे वाटते. तिथून व्हॉट्सॲपवर जायला अंगठ्याची एक हालचाल पुरते.

इतके करूनही एखादे पाप अंगावर आलेच, तर आदामाचे स्मरण करावे. ‘जी स्त्री तू मला दिलीस’ असे म्हणून त्याने एकाच वाक्यात बायको आणि देव दोघांनाही आरोपी केले. वकिलीत असे कौशल्य क्वचितच दिसते. बायबलमधले याकोबाचे पत्र मात्र जवळ ठेवू नये. त्याच्या पहिल्याच अध्यायात देव कोणालाही मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, असे स्पष्ट लिहिले आहे, आणि असल्या स्पष्टपणामुळे घराघरांत वाद होतात. मालक पोटीफरच्या बायकोने मोहात पाडू पाहताच तिच्या हातात आपले वस्त्र सोडून पळालेल्या योसेफाचा कित्ताही गिरवू नये. कपडे महाग झाले आहेत, आणि त्या पळण्याचा शेवट तुरुंगात झाला होता.

अशा रीतीने 40 दिवस सुखरूप पार पडले की ईस्टरच्या जागरणाची रात्र येते. हातात मेणबत्ती घेऊन उभे राहावे आणि तिचे मेण नव्या साडीवर किंवा सफारीवर गळणार नाही याची काळजी घ्यावी. धर्मगुरू विचारतात, तुम्ही सैतानाचा त्याग करता का? त्याच्या सर्व कृत्यांचा? त्याच्या सर्व पोकळ आश्वासनांचा? तिन्ही वेळा खणखणीत आवाजात ‘होय’ म्हणावे, आणि तसे म्हणतानाच किंचित बाजूला वळून, पलीकडच्या बाकावरचा तो भाऊबंद, ज्याच्याशी बांधावरून आपली केस चालू आहे, तोही तितक्याच मोठ्याने म्हणाला की नाही, हे नीट पाहून घ्यावे.