किल्ली किल्ल्यावर

आमच्या पडवीत दरवाजामागे एक खुंटी आहे. घराची, मांगराची, पंपाच्या खोलीची आणि गेली पंधरा वर्षं माझ्या गाडीची चावी तिथेच लटकत आली. गाडीची चावी खुंटीवर नसली की माझ्या खिशात असायची. तिसरी जागाच नव्हती. ही सोय मोडायला मी पाच हजार रुपये खर्च केले.

सुरुवात भाच्यानं केली. मे महिन्यात मुंबईहून आला, गाडीत बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही अजून चावी फिरवता?" स्वर असा, जणू मी अजून बैलगाडीनं बाजाराला जातो. महिन्याभरात त्याचं पार्सल आलं, चावीऐवजी बटणानं गाडी सुरू करायच्या संचाचं. आत एक काळी डबी, वायरींचं जुडगं, दोन रिमोट, निळा उजेड देणारं गोल बटण आणि एक कागद. त्यावरचं इंग्रजी लिहिणाऱ्यालाही कळलं असेल असं वाटत नव्हतं.

आमच्या इलेक्ट्रिशियननं सगळा पसारा बघितला आणि निदान केलं, "काका, गाडयेक काय रोग नाय. तुमकाच खाज इली हा." तरी आगाऊ पैसे घेऊन तो स्टेअरिंगखाली उताणा शिरला. दोन दिवस मला त्याचे फक्त पाय दिसत होते.

चावीच्या मागे खरा कारभार चार-पाच जाड वायरींचा असतो. एक बॅटरीकडून कायम बारा व्होल्ट आणणारी, एक रेडिओपुरती, एक-दोन इग्निशनच्या, एक स्टार्टरची. आपण मनगटानं जे करतो ते आता डबीतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, टकटक करून करणार. पण कागदावरचे रंग आणि आमच्या गाडीतले रंग यांची पत्रिकाच जुळेना. त्यात आमची समुद्राकडची हवा. वायर सोलली की आत तांब्याऐवजी हिरवी पूड. "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान सगळा," खालून आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला तो दोन बातम्या घेऊन. पहिली, स्टेअरिंगचं कुलूप काढावं लागलं, कारण ते चावीनंच उघडतं आणि चावी तर आपण रद्द केलेली. दुसरी, गाडीत इमोबिलायझर आहे. चावीच्या मुठीतली चिप जवळ असल्याशिवाय इंजिन पेट घेत नाही. मग उपाय? जादा चावी डॅशबोर्डच्या आत टेप लावून कायमची चिकटवली. म्हणजे चोराला अडवायला कंपनीनं जे दोन पहारेकरी ठेवले होते, त्यातला एक मी घरी पाठवला आणि दुसऱ्याला गाडीतच झोपवला. आणि ह्याला कागदावर 'सुरक्षा संच' म्हटलं होतं.

शेजारच्या तात्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेची चावी काडलेली हा, तरीव ती वेळेर चालू होवंदे रे म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणालो. ब्रेक दाबला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. तात्यांना वाटलं गाऱ्हाण्यानं, इलेक्ट्रिशियनला वाटलं त्याच्यामुळे.

रिमोटवर लांबूनच इंजिन सुरू करायचंही बटण होतं. उतारावर गाडी गियरमध्ये उभी करायची माझी जुनी सवय. खिशात ते बटण दाबलं गेलं आणि गाडीनं एकटीनंच चिऱ्याच्या गडग्यावर उडी घेतली. ती वायर त्याच संध्याकाळी तोडली. तेवढी तीन चिऱ्यांत निभावली.

रिमोट मी अर्थातच खुंटीला लावला. आता ही यंत्रणा अशी, की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर सारखी हाक मारते आणि दीड-दोन मीटरांत रिमोट असला तर तो ओ देतो. ओ आली की दारं उघडतात, ओ थांबली की बंद होतात. खुंटी आणि गाडी यांच्यात एक भिंत. ओ धड पोचतही नव्हती आणि धड थांबतही नव्हती. रात्रभर टुक उघड, टुक बंद. वाडीतली कुत्री जागी, आई जागी. पहाटे बायकोनं रिमोट उचलला आणि "कुठेतरी लांब" ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिसरी जागा निघाली.

नाताळच्या सुट्टीत मेव्हणी आली, सहकुटुंब. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता. मालवणच्या जेट्टीवर पार्किंगची मारामारी, म्हणून मी इंजिन चालूच ठेवून सगळ्यांना उतरवलं, होडीकडे हात केला आणि पेट्रोल भरायला निघालो. एकदा सुरू झालेलं इंजिन रिमोट लांब गेला म्हणून बंद पडत नाही. ते बरोबरच आहे, ऐन घाटात पडलं तर? पंपावर मात्र इंजिन बंद करावंच लागतं. केलं. टाकी फुल केली. ब्रेक, बटण. निळा दिवा मिणमिणला आणि विझला.

खिसे तपासले. बायकोचा फोन समोर चार्जिंगला होता. रिमोट टोप्या, पाणी आणि बिस्किटांच्या पिशवीत होता. पिशवी मेव्हणीच्या खांद्याला होती. दुसरा रिमोट घरी कपाटात, कपाटाची चावी बायकोच्या पर्समध्ये आणि पर्स होडीत.

"काका, चावी फिरवा, मागे लाईन हा," पंपावरचा पोरगा म्हणाला.

"चावी नाय."

"मगे गाडी हय हाडलास कशी?"

"बटणान."

"मगे बटण दाबा."

"त्येका रिमोट लागता."

"आणि रिमोट खय आसा?"

मी समुद्राकडे बोट केलं. तो थोडा वेळ त्या दिशेला बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि गुपचूप पाण्याची बाटली आणून दिली.

महाराजांनी १६६४ साली हा किल्ला भर समुद्रात बांधायला घेतला, आणि महाद्वार असं वळवून लपवलं की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. इतक्या बंदोबस्तात माझी किल्ली गेली होती आणि माझा पल्ला दीड मीटर. धक्का मारून सुरू करा म्हणणारे चौघे पुढे आले. त्यांना रिले, चिप आणि इग्निशन समजावण्यात मी दहा मिनिटं घालवली आणि त्यांनी तरी धक्का मारलाच. गाडी सुरू झाली नाही, पण स्टेअरिंगला कुलूप नसल्यामुळे अलगद बाजूला गेली. दोन दिवसांच्या कामातला तेवढा एक भाग वाया गेला नव्हता.

होडीवाले किल्ल्यावर तासाभराची मुदत देतात. मेव्हणीनं ती पुरेपूर वापरली, मग जेट्टीवर सोलकढी प्यायली, मग मला शोधत पंपावर आली. ती गाडीजवळ पोचली तशी चारही दारं टुक करून उघडली.

"भावोजी," ती म्हणाली, "तुम्हीपण यायला हवं होतंत हो किल्ल्यावर."