टेंट ‘वॉटरप्रूफ’ आहे, म्हणूनच तो ओला बांधून ठेवू नका

मे संपता संपता भंडारदऱ्याच्या काजव्यांचे बेत ठरू लागतात आणि ट्रेकिंगच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं असं: हल्लीचे टेंट नायलॉन-पॉलिएस्टरचे असतात, त्यांना बुरशी लागत नाही. ट्रेकवरून आल्यावर फडक्याने पुसून टेंट त्याच्याच पिशवीत घट्ट बांधावा, वर प्लास्टिक गुंडाळून हवाबंद करावा. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबरगोळ्या टाकाव्यात. तरीही डाग पडले तर ब्लीच लावून दोन दिवस कडक उन्हात टाकावा.

आमच्या गटाचे सात टेंट माझ्या घरी असतात. ते वाळवणं, तपासणं, पुढच्या ट्रेकला देणं हे काम गेली बारा वर्षं मी करते आहे, आणि हा मजकूर वाचून नवे लोक चांगले टेंट घालवतात हे पाहिलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“सिंथेटिक कापडाला बुरशी लागत नाही.” यात तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ते पटतं. जुन्या कॅनव्हासच्या राहुटीचं किंवा मांडवाच्या कनातीचं सूत हे बुरशीचं थेट अन्न. नायलॉनचा धागा तिला तसा पचत नाही. पण टेंट म्हणजे नुसता धागा नव्हे. बहुतेक टेंटमध्ये पाणी अडतं ते कापडाला आतून दिलेल्या पॉलियुरेथेनच्या पातळ थरामुळे, आणि पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांवर बुरशी वाढते. त्यात तळाला चिकटलेली माती, गवताच्या काड्या, सांडलेली मॅगी, पायांचा घाम, हातांचं तेल. बुरशीला एवढी शिदोरी भरपूर झाली.

“पण आमच्या वेळी पाऊस नव्हताच,” असं टेंट परत देताना हमखास सांगितलं जातं. डिसेंबरात राजमाचीला मुक्काम केलेला असतो, आकाश निरभ्र असतं. तरी सकाळी आउटरला, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या आवरणाला, आतून हात लावला तर तळवा ओला होतो. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लीटर पाणी बाहेर पडतं. तिघांचं मिळून पाऊण लीटर. त्यातलं बरंचसं जाळीतून निघून जातं, उरलेलं थंड कापडावर थेंब होऊन बसतं. बाहेरून दव वेगळंच. खाली उतरायची घाई असते, टेंट तसाच कोंबला जातो. ही घाई मला समजते; डोंगरावर टेंट ओला बांधावा लागतो, त्यात काही चूक नाही. घरी आल्यावर तो तसाच पडून राहिला की नुकसान सुरू होतं. ओल्या, मळक्या कापडावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. शुक्रवारी-शनिवारी ट्रेक, रविवारी रात्री घर आणि “पुढच्या शनिवारी उघडू”, एवढ्यात ती वेळ उलटून गेलेली असते.

आता सगळ्यात घातक सल्ला: घट्ट बांधा आणि हवाबंद करा. जे कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतलं पाणी बाहेर तरी कसं जाऊ देईल? टेंट वरून पुसला की कोरडा वाटतो. पण शिवणींत, झिपवरच्या पट्टीखाली, पेग म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या अडकवायच्या जाड फितीत, चारही कोपऱ्यांच्या दुमडीत ओल राहतेच. पिशवी स्वतः ओली असते ते वेगळंच. तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. हे सगळं घट्ट वळकटी करून प्लास्टिकमध्ये कोंडलं की आत ऊब आणि ओल दोन्ही तयार.

तिथे बुरशीच्या जोडीने आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल तो मजकूर अवाक्षर काढत नाही. ओल आणि उष्णता मिळाली की पॉलियुरेथेनचा थर रासायनिकदृष्ट्या तुटू लागतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या कापत जातात. याला जलविघटन म्हणतात. कापड आधी चिकट होतं, मग आंबूस, ओकारीसारखा वास येतो, मग थराचे पापुद्रे निघतात आणि शिवणीवरची सीम टेप सोलून हातात येते. पहिल्या वर्षी एक तीन माणसांचा टेंट जूनमध्ये आला तसाच आम्ही प्लास्टिक गुंडाळून माळ्यावर टाकला. दिवाळीनंतर उघडला तेव्हा तळाचे दोन पदर एकमेकांना चिकटले होते. ते सोडवताना जो चर्रर्र आवाज झाला तो मला अजून आठवतो. बुरशीचे डाग पुसट करता येतात. सुटलेला थर परत आणता येत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये हवेची आर्द्रताच ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पापड सादळतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मग सैल सुती पिशवीत ठेवून असा काय फरक पडणार? मे महिन्याच्या उन्हाळ्यात पूर्ण वाळलेला, स्वच्छ टेंट हवाबंद डब्यात ठेवला तर फारसं बिघडणार नाही, हे मी मान्य करते. पण पावसाळ्यात घरी आलेला टेंट पूर्ण वाळला आहे याची खात्री देता येत नाही, आणि तसा तो कोंडला तर शिल्लक ओल आतच राहते. सैल ठेवलेल्या टेंटमधून ती हळूहळू निघून जाते. त्यात तो स्वच्छ असेल आणि अधूनमधून वारा मिळत असेल, तर दमट हवेतही बुरशीला बस्तान बसवणं कठीण जातं. म्हणून आमचे टेंट जुन्या उशांच्या अभ्र्यांत आणि एका मोठ्या सुती चादरीच्या पिशवीत सैल भरलेले असतात. ते बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात वरच्या खणात असतात, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तासभर पंख्याखाली उघडले जातात. माळा आणि गाडीची डिकी या दोन जागा मी टाळते. दोन्हीकडे उन्हाळ्यात भट्टी असते. घडीही दर वेळी त्याच रेघेवर घालत नाही. तीच रेघ पुन्हा पुन्हा दुमडली की थराला तिथे भेगा जातात.

समुद्रकाठी मुक्काम झाला असेल तर आणखी एक काम आहे. काशीद, गुहागरच्या किनाऱ्यावरून आलेल्या टेंटवर खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बसलेलं असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. असा टेंट कितीही वाळवला तरी दमट दिवशी पुन्हा ओलसर होतो. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय तो ठेवूच नये. पोलही धुवावेत, ॲल्युमिनियम मिठाने खराब होतं.

सिलिका जेलच्या पुड्यांचा हिशेब करून पाहा. बुटांच्या खोक्यात सापडते ती पुडी पाच ग्रॅमची धरली, तर ती स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरते, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. वरवर पुसलेल्या टेंटमध्ये दोनशे ग्रॅम पाणी सहज असतं. शंभर पुड्या कुठून आणणार? शिवाय घरात उघड्यावर पडलेली पुडी आधीच तुडुंब असते.

डांबरगोळ्यांचा विषय मला गंभीर वाटतो. त्या लोकरीला कसर लागू नये म्हणून वापरतात. टेंटमध्ये लोकर नाही, आणि घरात टाकतो तेवढ्या गोळ्यांनी ओल्या कापडावरची बुरशी थांबत नाही. उलट गोळीतल्या नॅफ्थलीनचा वास कापडात मुरतो आणि पुढच्या मुक्कामाला त्याच बंद जागेत लहान मुलं झोपतात. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि आपल्या मुलात ती आहे हे पुष्कळ आईवडिलांना माहीतही नसतं. टेंटमध्ये ही गोळी नको म्हणजे नकोच.

ब्लीचचं थोडक्यात सांगते: त्याने नायलॉन कमजोर होतं, रंग जातो, थर खराब होतो. वॉशिंग मशीनही नको; घुसळणीत जाळी फाटते, टेप सुटते. दोन दिवस कडक उन्हाचा सल्ला मात्र आपल्या घरच्या सवयीतून आला आहे. गोधड्यांना, गाद्यांना आपण ऊन दाखवतो, ते योग्यच असतं. पण नायलॉनला अतिनील किरण झेपत नाहीत. धागा आतून कुजतो आणि पुढे एखाद्या वादळी रात्री ताण आला की टर्रकन फाटतो. टेंटला सावली आणि वारा हवा. गच्चीवरच्या शेडखाली दोरीवर आउटर टाकावा, दोन-तीन तासांनी उलटा करावा. पावसाळ्यात आम्ही हॉलमधलं टीपॉय बाजूला करून टेंट चक्क उभा करतो आणि रात्रभर पंखा चालू ठेवतो. इनर, आउटर, पिशवी, पेगची थैली, सगळं वेगवेगळं.

वाळला की नाही हे हाताला नीट कळत नाही. जाड फीत गालाला लावून पाहावी, गार लागली तर ओल आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे सामान मोजायचा लटकता काटा. उन्हाळ्यात एकदा पूर्ण कोरड्या टेंटचं वजन करून पिशवीवर लिहून ठेवलं आहे. ट्रेकनंतर वजन त्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत टेंट आत जात नाही. नायलॉन हवेतलं थोडं पाणी स्वतःही धरतं, त्यामुळे पावसाळ्यात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देते.

आता ज्यांच्या टेंटवर आधीच काळे ठिपके आहेत त्यांच्यासाठी. फेकू नका. नाकाला रुमाल बांधून बाहेर मोकळ्यावर कोरड्या ब्रशने झटका, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ स्पंज, भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा. ठिपक्यांचा रंग बहुधा जाणार नाही, त्याने काही अडत नाही. कुबट वास राहिला तर मात्र पुन्हा धुवा, आणि दम्याचा त्रास असलेल्या सोबत्याला तो टेंट देऊ नका. मग तळाखाली वर्तमानपत्र पसरा, तळावर तांब्याभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने कागद पाहा. कागद कोरडा असेल तर टेंट पावसातही चालेल. ओला झाला असेल पण तळ चिकट नसेल, तर वरून नवं कोटिंग लावून पाहता येतं. चिकट झाला असेल तर त्या तळाची आशा सोडा. आमच्या त्या पहिल्या टेंटचा तळ आम्ही कापून टाकला, आणि त्याचे पोल व जाळी आजही दुसऱ्या टेंटच्या दुरुस्तीला कामी येतात.