परराज्याचे पोलीस दारात आले तर: ‘परवानगीशिवाय अटक नाही’ हा मेसेज कुठे चुकतो

सोसायट्यांच्या आणि गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यातले दावे थोडक्यात असे: महाराष्ट्र सरकारच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना इथे कोणालाही अटक करता येत नाही. स्थानिक पोलीस सोबत नसतील तर ते अपहरणच, त्यांना अडवा. आधी ट्रान्झिट रिमांड, म्हणजे अटक केलेल्याला दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी न्यायालयाने दिलेला मुदतीचा ताबा, घेतलेला नसेल तर अटक बेकायदा. अटकपूर्व जामीन हवा तर गुन्हा जिथे दाखल आहे तिथेच जावं लागतं. आणि नोटीस व्हॉट्सअॅपवर आली तर ती सरळ डिलीट करा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण अटकेनंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. ते चुकीच्या मुद्द्यावर हुज्जत घालण्यात गेले, की कायद्यात खरोखर असलेलं संरक्षण वापरायचंच राहून जातं. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

‘राज्य सरकारची संमती लागते’

हा दावा खरा वाटतो, कारण त्याचं मूळ राज्यघटनेतच आहे. सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीची ८० वी नोंद सांगते की एका राज्याच्या पोलीस दलाचे अधिकार आणि हद्द दुसऱ्या राज्यात वाढवायची तर त्या दुसऱ्या राज्याच्या सरकारची संमती हवी. ही नोंद पोलीस दल म्हणून तिथे कारभार करण्याबद्दल आहे. एखाद्या गुन्ह्यातल्या संशयिताला पकडण्याचा अधिकार वेगळ्या वाटेने येतो. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे आणि त्यावर संसदेने कायदा केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ म्हणतं की ज्या माणसाला विनावॉरंट अटक करता येते, त्याच्या मागावर पोलीस अधिकारी भारतात कुठेही जाऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४८ होतं, म्हणजे यात नवीन काही नाही.

गोंधळ वाढला तो सीबीआयच्या बातम्यांमुळे. सीबीआय ज्या कायद्याखाली चालते, त्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम, १९४६ च्या कलम ६ नुसार राज्याची संमती लागतेच. महाराष्ट्राने आपली सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. त्या काळात ‘बाहेरच्या यंत्रणेला परवानगी लागते’ हे वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं आणि पुढे ते तेलंगणाच्या सायबर पोलिसांपासून उत्तर प्रदेशच्या पथकापर्यंत सगळ्यांना लावलं गेलं.

राज्याचा स्वतःचा कायदा मात्र खरोखर सीमेवर थांबतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली तडीपार केलेल्या माणसाला कोल्हापूर जिल्ह्यातून बाहेर काढता येतं, पण त्या आदेशाने गोव्यात किंवा बेळगावात राहायला बंदी घालता येत नाही.

‘स्थानिक पोलीस नाहीत म्हणजे अपहरण’

पाचही दाव्यांत हा सर्वांत घातक आहे, कारण तो लोकांना अंगावर जायला सांगतो. अटक कायदेशीर असेल आणि तुम्ही दार अडवून धक्काबुक्की केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या जुन्या ३५३ खाली, तुमच्यावर वेगळा गुन्हा लागतो. तोही इथल्याच ठाण्यात. मूळ प्रकरणात जामीन सहज मिळाला असता, अशा माणसाचे घरचे लोक या दुसऱ्या गुन्ह्यात अडकतात.

विनावॉरंट अटकेसाठी स्थानिक पोलीस हजर असलेच पाहिजेत, असं नागरिक सुरक्षा संहितेत कुठेही लिहिलेलं नाही (पुढची कलमंही याच संहितेची). वॉरंट असेल तर नियम जास्त कडक आहे. कलम ८१ प्रमाणे पथकाने साधारणपणे ते वॉरंट स्थानिक कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे नेऊन त्यावर सही घ्यायची असते. मात्र त्यात वेळ जाऊन आरोपी निसटेल असं वाटलं, तर सहीशिवायही बजावता येतं. झडतीचंही तसंच. कलम १८६ प्रमाणे दुसऱ्या हद्दीत झडती घ्यायची तर तिथल्या ठाण्याला सांगायचं. घाई असेल तर स्वतः घ्यायची, पण मग त्या ठाण्याला आणि जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याला लगेच कळवायचं.

दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये संदीप कुमार प्रकरणात परराज्यातल्या अटकेबद्दल सविस्तर सूचना दिल्या. वरिष्ठांची लेखी परवानगी, तिथे जाण्यापूर्वी स्थानिक ठाण्याशी संपर्क, गणवेश आणि ओळखपत्र, तक्रार व गुन्ह्याच्या कागदांचं तिथल्या भाषेत भाषांतर, अटकेनंतर स्थानिक ठाण्याला खबर. या सूचना मोडल्या गेल्या तर तो मुद्दा न्यायालयात जोरात मांडावा. दारात उभं राहून त्याचा निकाल लावता येत नाही.

दारात करायचं ते एवढंच: नावाची पट्टी आणि ओळखपत्र बघा, ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि कलमं लिहून घ्या. पथक ज्या जिल्ह्याचं आहे तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. पथकाने दिलेल्या नंबरवर खात्री करू नका, तोतये नेमके तिथेच फसवतात. ओळख सांगायला नकार मिळाला किंवा नियंत्रण कक्षात अशा पथकाची नोंदच नसली, तर ११२ लावा. त्या वेळी तो फोन योग्यच आहे.

आणि अटक झालीच, तर कलम ३६ चा अटक मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, मागा. त्यावर घरातल्या एखाद्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही. मेमोवरची वेळ नीट वाचा. पथक सकाळी सहाला दारात आलं असेल आणि मेमोवर दुपारचे दोन लिहिले असतील, तर न्यायालयात हजर करायच्या चोवीस तासांचा हिशेब आठ तासांनी पुढे सरकतो. साक्षीदाराने सहीखाली खरी वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. बाईला अटक करायची असेल तर कलम ४३ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी ती करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेतलेली असली पाहिजे.

‘आधी ट्रान्झिट रिमांड, मग अटक’

इथे क्रमच उलटा झाला आहे. अटक आधी, रिमांड नंतर. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आणि संहितेच्या कलम ५८ मध्ये आहे. त्या न्यायालयाला मूळ गुन्ह्याची हद्द असो वा नसो, हे नव्या संहितेने स्पष्टच लिहिलं. लखनौचं पथक कोल्हापुरात आलं तर ते इथल्याच न्यायालयात जाऊन ट्रान्झिट रिमांड घेतं. बेळगावचं पथक मात्र त्याच दिवशी आपल्या न्यायालयात पोहोचू शकतं, म्हणून तिथे ट्रान्झिट रिमांड नसला तरी अटक आपोआप बेकायदा ठरत नाही.

ही सुनावणी दहा मिनिटांत उरकणारी औपचारिकता समजली जाते आणि वकीलही कधीकधी गप्प बसतात. तसं करू नये. २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी दिल्लीत मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखा यांना अटक केली, तेव्हा गुन्ह्याचे कागद मराठीत होते. दिल्लीच्या न्यायदंडाधिकाऱ्याने ट्रान्झिट रिमांड दिला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ज्या भाषेतले कागद वाचता येत नाहीत त्यांवर विचार करून आदेश दिला असं म्हणता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. प्रकरणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हा मुद्दा प्रत्येक आरोपीच्या कामाचा आहे. उद्या नाशिकच्या न्यायालयात तेलुगू किंवा बंगाली कागदांवर रिमांड मागितला, तर हाच प्रश्न विचारायचा.

त्याला आता आणखी बळ आलं आहे. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. जागेवर ते शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण लेखी कारणं रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. म्हणून सुनावणीला उभं राहताना पहिला प्रश्न हा: कारणांचा कागद किती वाजता आणि कोणत्या भाषेत दिला? दुसरा, वैद्यकीय तपासणी कुठे झाली? तिसरा, नेमके किती दिवस आणि कोणत्या वाहनाने नेणार? हे आदेशात नोंदवून घ्यावं.

‘अटकपूर्व जामीन तिकडेच मिळतो’

प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात २० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निकाली काढलं. गुन्हा दुसऱ्या राज्यात असला तरी इथलं सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळाचं अंतरिम संरक्षण देऊ शकतं. मात्र तिकडच्या तपासी अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना नोटीस जायला हवी, तुमचा या जागेशी खरा संबंध हवा आणि तिकडे लगेच का जाता येत नाही याचं पटणारं कारण हवं. केवळ सोयीचं न्यायालय निवडलं असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. मिळालेल्या दिवसांत तिकडच्या न्यायालयात अर्ज दाखल करायचाच असतो. अनेकजण इथला आदेश मिळाल्यावर निवांत बसतात आणि मुदत संपल्यावर पकडले जातात.

‘व्हॉट्सअॅपची नोटीस डिलीट करा’

कलम ३५ ची हजेरीची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ ला सांगितलं, तेवढं बरोबर आहे. पण ती खरी असेल तर गुन्ह्याचा नंबर तिच्यातूनच कळतो. स्क्रीनशॉट ठेवा, नंबर पडताळा, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक केली आहे’ असं कुणी सांगत असेल तर ती शुद्ध फसवणूक. तशी अटक कायद्यात नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट घरच्यांना माहीत असायला हवी. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा एक अधिकारी नेमलेला असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. माणूस नेल्यावर ठावठिकाणा लागत नसेल तर आधी आपल्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मग त्या अधिकाऱ्याकडे चौकशी करा. तिथेही उत्तर नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारा अर्ज. त्या अर्जात सर्वांत उपयोगी पडतात ते तीन तपशील: पथक आलं ती वेळ, गाडीचा नंबर आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण. ते पुसलं जाण्याआधी, त्याच दिवशी कॉपी करून घ्यावं.