भिंत पाडायची आहे? भुईचक्र उभं करा

समजा, समोर 10 फूट उंच, 7 फूट जाड काँक्रीटची भिंत आहे आणि तिच्याआड जर्मन दबा धरून बसलेत. डोकं धरून बसू नका. 1943 साली ब्रिटिश नौदलाच्या संकीर्ण शस्त्रविकास विभागाने (हो, संकीर्णच, फायलींवर असतं तेच) यावर तोडगा काढला होता. दिवाळीत भुईचक्र लावलंय ना? तेच उभं करायचं.

दहा फूट व्यासाची दोन लाकडी चाकं घ्या, त्यांवर फूटभर रुंद पोलादी धाव चढवा. दोन्ही चाकं जोडणाऱ्या मधल्या ढोलात स्फोटकं भरा. नेव्हिल शूट नॉर्वे या कादंबरीकार इंजिनिअरच्या हिशेबाने टनभर तरी लागतातच. चाकांच्या कडेने कॉर्डाइटची, म्हणजे बिनधुराच्या दारूची, रॉकेटं बांधा. बोटीतून उतरवून वात लावली की ताशी 60 मैलांनी थेट भिंतीवर. नाव ठेवा 'ग्रेट पॅनजॅन्ड्रम'.

गुप्तता मात्र कडक हवी. लंडनच्या लेटनस्टोनमध्ये यंत्र बांधा, रात्रीच्या अंधारात हलवा आणि मग चाचणी घ्या डेव्हन परगण्यातल्या 'वेस्टवर्ड हो!' नावाच्या गावाच्या किनाऱ्यावर, जिथे लोक सुट्टीला पोहायला येतात.

पहिल्या दिवशी, म्हणजे 7 सप्टेंबर 1943 ला, ढोलात वाळूच भरा. हे एवढं मात्र थट्टेत घेऊ नका. थोडं अंतर गेल्यावर उजव्या चाकाची काही रॉकेटं दगा देतील आणि गडी उजवीकडे वळेल. का, ते कोणताही गाडीवान सांगेल: एक बैल ढिला पडला की गाडी त्याच अंगाला जाते. त्यात खाली ओली वाळू, खड्ड्यांची.

उपाय सोपा आहे. रॉकेटं वाढवा. सत्तरच्या वर न्या. तरी वळतंय? मधे तिसरं चाक बसवा. आता ते समुद्राकडे जाऊन वळून परत तुमच्याकडे येईल. मग आसाला पोलादी तारा बांधा, मागून विंचने (तार गुंडाळायच्या रहाटाने) सोडत लगाम धरा. तारा तुटून चाबकासारख्या उलट येतील, तेव्हा वाकायचं विसरू नका.

रॉकेटांच्या पकडींचा हिशेब कागदावर करण्यात वेळ घालवू नका. केलात तर दिसेल की ताशी 60 मैलांच्या वेगाला चाक सेकंदाला जेमतेम तीन फेरेही घेत नाही, पण कडेची वस्तू स्वतःच्या वजनाच्या 48 पट जोराने बाहेर ओढली जाते. किलोभराची वस्तू म्हणजे जवळपास पोतं सिमेंट. वर जळत्या रॉकेटाचा रेटा वेगळाच. आणि चाकाच्या माथ्यावरचा बिंदू जमिनीच्या हिशेबाने ताशी 120 मैलांनी पुढे जात असतो. तिथे पकड सुटली की ते रॉकेट कोणाच्या डोक्यावरून जाईल, ते नशीब.

शेवटी जानेवारी 1944 मध्ये बड्या अधिकाऱ्यांना बोलवा. छायाचित्रणाला लुई क्लेमंटास्कीच हवा. मोटारींच्या शर्यती टिपणारा माणूस, वेगाची सवय असलेला. सुरुवात झकास होईल. मग एक पकड सुटेल, पाठोपाठ आणखी दोन, आणि पॅनजॅन्ड्रम नेमका कॅमेऱ्याकडे वळेल. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडू नका; ते किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या बांधामागे उड्या टाकतील. एक कुत्रा मात्र हवाच, सुटलेल्या रॉकेटामागे भुंकत धावायला.