सुई टोचल्यावरचे पहिले 2 तास

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी संसर्ग कसा टाळावा, यावरच्या लेखात मास्क आणि हातमोज्यांवर भर आहे, तो योग्यच. पण हातमोजा सुई अडवत नाही, आणि वॉर्डात रक्तातून लागणारे आजार बहुतेक वेळा सुईवाटेच येतात. सुई टोचली की बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. कातडी आणखी दुखावते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात रक्त उडालं तर नुसतं पाणी किंवा सलाइन, साबण नको.

मग लगेच कळवा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो 2 तासांत सुरू व्हाव्यात. 72 तासांनंतर त्या सहसा देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा. रुग्णाच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवू नका. आणि गोळ्या रात्रपाळीला कुलपात असतील तर हे सगळं कागदावरच राहतं!

हिपॅटायटिस बी मात्र सगळे विसरतात. रुग्ण बाधित असेल तर लस न घेतलेल्याला एका टोचण्यातून त्याचा धोका 6 ते 30 टक्के, एचआयव्हीचा साधारण 0.3 टक्के. लसीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर 1-2 महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी हवीच, कारण काहींना लस लागूच पडत नाही. यात कचरा उचलणाऱ्या मावशी-मामांनाही धरा. दुसऱ्याने गादीत, पिशवीत टाकलेली सुई त्यांनाच टोचते. सुयांचा पांढरा डबा खाटेजवळ, हाताच्या अंतरावर ठेवा आणि पाऊण भरला की बंद करा. डबा लांब असला की माणूस सुईला टोपण परत लावायला जातो, आणि तिथेच टोचते.