कंत्राटदार पळाला तरी पगार बुडत नाही

‘नवीन कामगार संहिता आली, आता ठेकेदाराने पगार थकवला तर कंपनीचा काही संबंध नाही’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं: कंत्राटदाराने वेळेत पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर उरलेली रक्कम मुख्य मालकाने (म्हणजे ज्या कंपनीचं काम आहे तिने) द्यायची आणि मग कंत्राटदाराच्या बिलातून वळती करायची. म्हणून तर त्या कायद्यात पगारवाटपाच्या वेळी कंपनीचा माणूस समोर लागायचा आणि रजिस्टरवर त्याची सही लागायची. नव्या कामगार संहितांपैकी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५५ मध्येही थकलेल्या पगाराची जबाबदारी मुख्य मालकावरच आहे.

एक बदल मात्र झाला: हे नियम लागू होण्यासाठी लागणारी कंत्राटी कामगारांची किमान संख्या २० वरून ५० झाली. महाराष्ट्रात ती आधीपासून ५० होतीच. लहान ठेक्यांवरची माणसं यातून बाहेर राहतात, हे मला खरंच खुपतं.

पण कंपनीने पगार भरला म्हणून कामगार आपोआप कंपनीत कायम होत नाही. तो हक्क वेगळा सिद्ध करावा लागतो.

हजेरी कार्ड, गेटपास, बँकेच्या नोंदी जपून ठेवा आणि थकबाकीचा अर्ज कंत्राटदारासोबत कंपनीच्याही नावाने करा.