‘मागणी असती तर भाजीचं दुकान आलंच असतं’: या दाव्यात काय चुकतं

ताजी भाजी-फळं हाताशी नसलेल्या वस्त्यांबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मागणी असती तर दुकान आलंच असतं. किराणावाल्यांनी भाजी ठेवून पाहिली, ती सडली. अमेरिकेत सुपरमार्केट उघडूनही लोकांचं खाणं बदललं नाही. गोठवलेलं, डबाबंद तर कचराच. म्हणजे दोष दुकानाचा नाही, जिभेचा. यातलं सुपरमार्केटचं विधान बरंचसं खरं आहे, निष्कर्ष मात्र नाही.

‘मागणी असती तर दुकान आलं असतं’

दुकानदाराला मागणी दिसते ती गल्ल्यात पडलेल्या पैशांतून. लांबून पिशवीत येणारी भाजी त्याच्या हिशेबातच नसते. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम भाजी-फळं सांगते, तीही बटाटे सोडून. चौघांचे आठवड्याला 11.2 किलो झाले, आणि साल-देठ वेगळेच. हे ओझं बसने आणायचं तर फेरी आठवड्यातून एकच होते. त्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की भाजीचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. फ्रीज नसेल तर पालेभाजी दोन दिवसांत मान टाकते, आणि पुढच्या फेरीला तिच्याऐवजी टिकणारं काहीतरी पिशवीत येतं.

‘ठेवली होती, सडली’

सडली असेलच, पण ती का सडली हे पाहायला हवं. समजा ठोक व्यापारी 10 किलोच्या खाली माल देत नाही आणि दुकानात 5 किलोच विकला जातो. मग विकलेल्या प्रत्येक किलोची खरेदी किंमत दुप्पट पडते. नासाडी 20 टक्क्यांवर आणली तर हीच वाढ 25 टक्के राहते. सगळा खेळ या फरकाचा आहे. तीन दुकानांनी मिळून एक क्रेट घेणं आणि आठवड्याला एकाऐवजी दोनदा माल उचलणं, एवढ्यानेही नासाडी बरीच उतरते.

दुसरी चूक साठवणीतली. पालेभाजी, गाजर, कोबी यांना 0 ते 4 अंश आणि 90-95 टक्के आर्द्रता लागते. टोमॅटो, काकडी, वांगी, केळी 10 अंशांखाली बिघडतात: टोमॅटोची चव जाते, काकडीवर पाणचट खड्डे पडतात, केळी काळवंडतात. सगळं एकाच फ्रीजमध्ये कोंबलं की काहीतरी खराब होणारच. त्यातून तो फ्रीज थंड पेयांचा असेल तर त्याचा पंखा पानं सुकवतो. म्हणून पालेभाजी भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवावी, पण ओली निथळती नको, ती कुजते. केळी, सफरचंद आणि पिकते टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. शेजारची पानं आणि काकडी त्याने पिवळी पडतात. कांदा-बटाटाही वेगळे ठेवावेत, एकत्र राहिले तर दोन्ही लवकर खराब होतात.

सुरुवात कांदा, गाजर, कोबी, बीट, लाल भोपळा अशा टिकाऊ मालाने करावी. रोज सकाळी निवड करून मलूल माल त्याच दिवशी स्वस्तात काढावा. तो तसाच मांडून ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या ताज्या मालालाही हात लावत नाही.

‘सुपरमार्केट आलं तरी खाणं बदललं नाही’

हे खरं आहे. फिलाडेल्फियातल्या नव्या सुपरमार्केटचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. रहिवाशांना सोय वाढल्यासारखी वाटली, पण खाण्यातलं भाजी-फळांचं प्रमाण आणि लोकांचं वजन दोन्ही जैसे थे. मात्र मुख्य खरेदी तिथे हलवणारे साधारण चौथा हिस्साच होते, हे फिरत्या मजकुरात नसतं. 2019 मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष असा, की गरीब घरांना श्रीमंतांसारखीच दुकानं आणि तेच भाव मिळाले तरी पोषणातली दरी सुमारे 10 टक्केच कमी होईल. उरलेल्याला अभ्यासक ‘मागणी’ म्हणतात, पण त्यांच्या भाषेत त्यात शिक्षण आणि पोषणाची माहितीही येते, नुसती आवड नव्हे.

आणि पैशाचं काय? मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत 2011-12 मध्ये सरकारी अन्नमदत घेणाऱ्या काही कुटुंबांना ठरावीक भाजी-फळांवर दर डॉलरमागे 30 सेंट परत दिले. ती मंडळी इतर लाभार्थींपेक्षा 26 टक्के जास्त भाजी-फळं खाऊ लागली. नवी भाजी मुलाच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा ताटात वाढावी लागते, हेही लक्षात घ्या. तंगीच्या घरात ती आठ-दहा ताटं टाकून देणं परवडत नाही. त्याला जिभेचे चोचले म्हणणं अन्यायाचं आहे.

‘गोठवलेलं, डबाबंद म्हणजे कचरा’

मटार, पालक, घेवडा काढल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. उणे 18 अंशांवर टिकलेला असा पालक, चार दिवस उन्हात फिरलेल्या ‘ताज्या’ पालकापेक्षा क जीवनसत्त्वात सहसा सरसच ठरतो. लहान दुकानदारालाही हा माल सोपा, कारण विकला नाही तर उद्या विकतो. फक्त पाकिटातले दाणे सुटे हवेत. दगडासारखा गोळा झाला असेल तर माल मधेच वितळला होता, तो घेऊ नये. डब्यातल्या कडधान्यांत मीठ जास्त असतं. डब्यातलं पाणी ओतून टाकून दाणे नळाखाली धुतले की त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून अधिक सोडियम निघून जातं. डबा फुगलेला असेल तर न उघडताच टाकावा.